महापालिकेची मतदार यादी निवडणूक नसतानाच तपासायला हवी

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कोल्हापूर महानगरपालिकेचे मतदान १५ जानेवारी २०२६ रोजी झाले, दुसऱ्या दिवशी निकाल लागून गुलाल उधळला गेला, आणि त्याआधी दोन महिने ज्या विषयाने शहरातल्या तालमी, मंडळे आणि चहाच्या गाड्या दणाणून सोडल्या होत्या तो मतदार यादीचा विषय लोकांच्या बोलण्यातून एका रात्रीत गेला. नोव्हेंबरच्या २० तारखेला प्रारूप यादी प्रसिद्ध झाली तेव्हा ‘आमची निम्मी गल्ली पलीकडच्या प्रभागात टाकली’, ‘वारलेल्या माणसांची नावे तशीच आहेत’, ‘एकाच माणसाचे नाव दोन ठिकाणी आहे’ अशा तक्रारींनी आपल्या दैनिकाचे रकाने भरून जात होते. मतदानाच्या दिवशी चर्चा रंगली ती बोटावरच्या मार्करच्या शाईची. आता महापौर, स्थायी समिती, स्वीकृत नगरसेवक असे पुढचे विषय चालू आहेत. यादी मात्र जिथे होती तिथेच आहे, आणि तिच्याबद्दल काही करायचे असेल तर ते करण्याचा काळ हाच आहे, असे मला सुचवायचे आहे. मी प्राथमिक शिक्षक म्हणून निवृत्त झालो आणि नोकरीच्या काळात घरोघरी जाऊन मतदारांची खात्री करणारा केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे सगळे ज्याला बीएलओ म्हणतात, ते कामही केले आहे. त्यामुळे यादीचा कागद कुठून निघतो आणि कुठे अडतो हे थोडेफार जवळून पाहिले आहे.

पहिली गोष्ट अशी की, महापालिकेकडे स्वतःची मतदार यादी नसते. हे ऐकून अनेक सुशिक्षित माणसांनाही आश्चर्य वाटते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ७-अ नुसार, राज्य निवडणूक आयोग ठरवील त्या तारखेला अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी घ्यायची आणि तिचे प्रभागांप्रमाणे भाग पाडायचे, एवढेच काम महापालिकेच्या वाट्याला येते. विधानसभेची यादी तयार करतो तो भारत निवडणूक आयोग, १९५० च्या लोकप्रतिनिधित्व अधिनियमाखाली, आणि जिल्ह्यात ते काम पाहतात महसूल खात्यातले मतदार नोंदणी अधिकारी. महापालिकेची निवडणूक घेतो तो राज्य निवडणूक आयोग, राज्यघटनेच्या कलम २४३-के आणि २४३-झेडए प्रमाणे. या दोन संस्था पूर्णपणे वेगळ्या आहेत आणि दोघींची कार्यालयेही वेगळी आहेत. यंदाच्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजीची विधानसभेची यादी ग्राह्य धरण्यात आली. म्हणजे नोव्हेंबरात आपण ज्या यादीवर हरकती घेण्यासाठी धावपळ करत होतो ती मुळात चार महिन्यांपूर्वीच गोठलेली होती.

आता ही यादी फोडायची कशी, ते पाहण्यासारखे आहे. प्रभाग तयार होतात ते जनगणनेच्या प्रगणक गटांवरून, म्हणजे शिरगणतीसाठी पाडलेल्या घरांच्या लहान गटांवरून. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती, नगरसेवकांच्या जागा ८१ आहेत, त्यामुळे एका जागेमागे सरासरी पावणेसात हजारांच्या आसपास लोकसंख्या येते, आणि यंदाच्या २० प्रभागांपैकी चार जागांच्या १९ प्रभागांना प्रत्येकी सत्तावीस हजारांच्या घरात लोक मिळाले. विसावा प्रभाग पाच जागांचा. विधानसभेची यादी मात्र मतदान केंद्राच्या सोयीने पाडलेल्या यादी भागांत असते, आणि हे यादी भाग प्रगणक गटांच्या हद्दींशी जुळतील अशी कुठलीही तरतूद नाही. एखाद्या यादी भागातली निम्मी नावे रस्त्याच्या अलीकडे एका प्रभागात पडतात, निम्मी पलीकडे दुसऱ्यात. ती वेगळी करायची तर पत्ता पाहून करावी लागतात, आणि पत्ता पाहायला गेले की खरी पंचाईत सुरू होते. कोल्हापुरात जुन्या पेठांतले पत्ते अजून ए वॉर्ड, बी वॉर्ड, सी वॉर्ड असे चालतात. मंगळवार पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या सिटी सर्व्हे नंबरावर एके काळी दहा-बारा बिऱ्हाडे होती, वाडा पाडून तिथे अपार्टमेंट उभे राहिले, बिऱ्हाडे पांगली, आणि यादीत ती सगळी अजून त्याच नंबरावर नांदत आहेत. काही पानांवर तर घर क्रमांकाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ असते. अशा रेघेवरून महापालिकेच्या लिपिकाने त्या मतदाराचा प्रभाग कसा ठरवायचा? तो शेजारच्या अनुक्रमांकाचा आधार घेतो, आणि मग पाच-पन्नास घरांची अख्खी ओळ नको त्या प्रभागात सरकते.

यात लबाडी मुळीच नसते असे मी म्हणणार नाही. परंतु हद्दीवरच्या गल्ल्यांचा बराचसा घोळ या पत्त्यांतून निर्माण होतो, हे मान्य केल्याशिवाय पुढचा इलाज सुचणार नाही.

प्रारूप यादी लागली की लोक हरकत घ्यायला जातात. यंदा ती मुदत ३ डिसेंबरपर्यंत वाढवून देण्यात आली होती. विभागीय कार्यालयाच्या जिन्यात मी पाहिलेले एक दृश्य इथे सांगतो. एक तरुण कार्यकर्ता हातात फोटोकॉपीची जाड चळत घेऊन आला होता. त्यात हिरव्या पेनाने मयत, लाल पेनाने स्थलांतरित आणि निळ्या पेनाने दुबार अशा खुणा केलेल्या होत्या, काम अत्यंत कष्टाने केलेले दिसत होते. टेबलामागच्या लिपिकाने पाने चाळली आणि सांगितले की, हिरवे आणि लाल इथे घेता येणार नाही. ते खरेच होते. प्रभागाच्या प्रारूप यादीवर तीनच प्रकारच्या हरकती चालतात : लेखनातली चूक, चुकीच्या प्रभागात पडलेले नाव, आणि विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून सुटलेले नाव. नवे नाव घालणे किंवा असलेले नाव वगळणे हा अधिकार राज्य निवडणूक आयोगालाही नाही, महापालिका आयुक्तांना तर नाहीच. त्या तरुणाने वर्षभर आधी तीच चळत मतदार नोंदणी अधिकाऱ्यांकडे नमुना ७ च्या, म्हणजे नाव वगळण्याच्या, अर्जांसह नेली असती तर तिची रीतसर चौकशी झाली असती. त्याला हे कोणी सांगितलेले नव्हते, आणि ज्या पक्षासाठी तो राबत होता त्या पक्षाच्या वरिष्ठांना ते ठाऊक असूनही सांगावेसे वाटले नसावे, कारण हरकतींचा मोर्चा वर्तमानपत्रात छापून येतो आणि नमुना ७ ची पोच छापून येत नाही.

दुबार नावांसाठी यंदा राज्य निवडणूक आयोगाने एक नवा मार्ग काढला. संभाव्य दुबार नावापुढे दोन तारे छापले गेले, अशा मतदाराशी संपर्क साधून तो नेमका कुठे मतदान करणार हे लेखी घ्यायचे ठरले, आणि ज्याच्याकडून काही उत्तर आले नाही त्याने केंद्रावर आल्यास दुसरीकडे मतदान केलेले नाही असे हमीपत्र द्यायचे. उपाय चांगला होता, आणि दोनदा मत पडण्याला त्याने आळाही बसला असेल. तथापि तारे छापल्याने नाव जात नाही. महापालिकेच्या प्रतीवर दोन तारे आले तरी विधानसभेच्या मूळ यादीत ती दोन्ही नावे पूर्वीसारखीच शाबूत राहिली. त्याच मूळ यादीवर पुढे जिल्हा परिषदेचे मतदान झाले, आणि ती दुरुस्त झाली नाही तर पुढची महापालिकाही तिच्यावरच होईल.

कोल्हापूरच्या बाबतीत या साऱ्याला एक जास्तीचा पदर आहे, तो हद्दीचा. शहराची हद्द १९४६ पासून वाढलेली नाही. हद्दवाढ व्हावी की नाही या वादात मी इथे शिरत नाही, त्यावर दोन्ही बाजूंनी मोर्चे, बंद आणि उपोषणे पुष्कळ झाली आहेत. माझा मुद्दा यादीपुरता आहे. शहरात जागा परवडेना म्हणून राजारामपुरी, मंगळवार पेठ, शाहूपुरी इथली कितीतरी कुटुंबे गेल्या पंचवीस-तीस वर्षांत पाचगाव, मोरेवाडी, उचगाव अशा लगतच्या गावांत राहायला गेली. ही गावे महापालिकेच्या हद्दीबाहेर आहेत, तिथे ग्रामपंचायत आहे, पण विधानसभेला ती कोल्हापूर दक्षिण मतदारसंघात येतात, आणि शहराचाही मोठा भाग त्याच मतदारसंघात आहे. राजारामपुरीतून पाचगावात गेलेल्या माणसाने आपले नाव हलवले नाही तरी आमदारकीला काही फरक पडत नाही. मतदारसंघ तोच, मत एकच, फक्त केंद्र जुने. म्हणून त्याच्याकडे ना उमेदवार लक्ष देतो, ना यंत्रणा, ना तो स्वतः. महापालिकेची निवडणूक आली की मात्र तोच माणूस ज्या शहरात तो घरफाळा भरत नाही, ज्याचे पाणी पीत नाही, त्या शहराचा नगरसेवक निवडतो, आणि ज्या गावात तो राहतो तिथल्या सरपंचाच्या, जिल्हा परिषदेच्या निवडणुकीत त्याला मत राहत नाही. विधानसभेला दोन-तीनशे नावे म्हणजे समुद्रात खसखस. प्रभागात दोन-तीनशे नावे म्हणजे कित्येकदा निकाल.

कायदा याबाबत पुरेसा स्पष्ट आहे. १९५० च्या अधिनियमातील कलम १९ सांगते की, ज्या मतदारसंघात माणूस सर्वसाधारणपणे राहतो तिथेच त्याची नोंद व्हावी. कलम २० सांगते की, एखाद्या ठिकाणी घर मालकीचे आहे एवढ्यावरून तो तिथला रहिवासी ठरत नाही. कलम १७ आणि १८ प्रमाणे एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत किंवा एकाच यादीत दोनदा असता कामा नये, आणि कलम ३१ प्रमाणे खोटे निवेदन करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘आमचे वडिलोपार्जित घर पेठेत आहे, म्हणून मत पेठेतच’ असे अभिमानाने सांगणारे मला भेटतात. पेठेचा अभिमान कोल्हापूरकराला असावा, पण कायद्याच्या दृष्टीने घराचा उतारा आणि राहण्याचे ठिकाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुबार नावे एवढी होतात तरी कशी? माझ्या अनुभवात बहुतेक वेळा ती साध्या निष्काळजीपणाने होतात, आणि त्या निष्काळजीपणाला अर्जाच्या नमुन्यांनी हातभार लावलेला आहे. नमुना ६ हा नव्या मतदारासाठी, नमुना ७ नाव वगळण्यासाठी आणि नमुना ८ पत्ता बदलणे, दुरुस्ती करणे किंवा ओळखपत्राची प्रत मागणे यांसाठी आहे. ऑगस्ट २०२२ पूर्वी दुसऱ्या मतदारसंघात राहायला गेलेल्यालाही नमुना ६ च भरावा लागत असे, आणि त्यात जुन्या नोंदीची माहिती द्यायची असे. ती माहिती अनेकांनी कोरी सोडली. त्यानंतर स्थलांतरासाठी नमुना ८ आला, पण नोंदणीच्या शिबिरात टेबल मांडून बसलेल्या मुलांना अजूनही ६ हाच एक नंबर पाठ आहे, त्यामुळे लग्न होऊन इचलकरंजीहून कोल्हापुरात आलेली सून नमुना ६ भरते, माहेरच्या नावाने तिकडे एक नोंद राहते आणि सासरच्या नावाने इकडे दुसरी तयार होते. नाव बदललेले, नात्याच्या रकान्यात वडिलांच्या जागी पती आलेला, म्हणजे संगणकालाही ती दोन वेगळी माणसे वाटतात. आपल्याकडे लग्नानंतर बायकांची नावे बदलण्याची रीत आहे तोवर दुबार यादीत बायकांची नावे जास्त दिसणार, त्यात त्यांचा दोष काही नाही. तीच गत भाडेकरूंची. दर अकरा महिन्यांनी घर बदलणारे कुटुंब नाव हलवायला जात नाही, कारण घरमालक आपल्या पत्त्यावर भाडेकरूचे नाव लागू नये म्हणून कटकट करतो. वास्तविक मतदार नोंदणीला घरमालकाची संमती लागत नाही, आणि नोंदणीमुळे भाडेकरूला घरावर कसलाही हक्क प्राप्त होत नाही. वीजबिल, गॅसचे कार्ड, पासबुक यांपैकी काहीच नसेल तर बीएलओने प्रत्यक्ष जाऊन खात्री करायची सोय आहे. शिवाजी विद्यापीठाच्या परिसरात वसतिगृहांत राहणारी मुलेमुलीही गावाकडे किंवा इथे, दोन्हींपैकी एका ठिकाणी नाव ठेवू शकतात. हे त्यांना महाविद्यालयात प्रवेशाच्या वेळीच कोणी सांगेल तर बरे.

मयतांच्या नावांचा प्रश्न तर महापालिकेच्या उंबरठ्यावरच सुटण्यासारखा आहे. शहरातल्या मृत्यूची नोंद महापालिकेतच होते. माणूस गेल्यावर घरची माणसे दाखल्याच्या आठ-दहा प्रती घेतात, एक बँकेला, एक विम्याला, एक रेशनकार्डाला, एक मिळकत पत्रिकेवर वारस लावायला, एक पेन्शनच्या कार्यालयाला. जिथे जिथे पैसा किंवा मालमत्ता आहे तिथे तिथे तो दाखला पोहोचतो. मतदार यादीत पैसा नाही, म्हणून तिथे पोहोचत नाही, आणि पाच वर्षांनी एके दिवशी दारात चार उमेदवारांच्या चार चिठ्ठ्या येऊन पडतात, वरती वारलेल्या आजीचे नाव, वय सत्त्याण्णव, अनुक्रमांक आणि केंद्राचा पत्ता. घरच्यांना ते पाहून काय वाटते ते वेगळे सांगायला नको. भारत निवडणूक आयोगाने १ मे २०२५ रोजी जाहीर केले की, मृत्यूच्या नोंदींची माहिती भारताच्या महानिबंधकांकडून इलेक्ट्रॉनिक पद्धतीने थेट मतदार नोंदणी अधिकाऱ्यांना मिळेल आणि बीएलओ घरी जाऊन खात्री करतील. हे नीट चालले तर उत्तमच. पण जुन्या नोंदींची थकबाकी या नव्या व्यवस्थेत आपोआप भरून निघणार नाही. तोपर्यंत महापालिकेच्या जन्म-मृत्यू विभागात दाखल्याबरोबर नमुना ७ ची एक कोरी प्रत हातात द्यावी, आणि भरून आलेले अर्ज आठवड्यातून एकदा मतदार नोंदणी कार्यालयाकडे पाठवावेत, एवढे करायला कुठल्या आयोगाची परवानगी लागणार नाही.

इथे एक सावधगिरी सांगणे मला आवश्यक वाटते. यादी स्वच्छ करा अशी हाक दिली की काही उत्साही मंडळी विरोधकांचे मतदार वेचून त्यांच्यावर नमुना ७ भरू लागतात. हे प्रकार ठिकठिकाणी घडले आहेत आणि त्यांची भीती रास्त आहे. म्हणूनच मृत्यूचे प्रकरण सोडले तर नाव वगळण्यापूर्वी त्या मतदाराला नोटीस देऊन बाजू मांडण्याची वाजवी संधी द्यावी असे कायद्याचे बंधन आहे, आणि खोट्या अर्जाला शिक्षाही आहे. झोपडपट्टीत राहणारा, ऊसतोडीला किंवा गवंडीकामाला बाहेर जाऊन चार-सहा महिन्यांनी परत येणारा माणूस हा स्थलांतरित नव्हे. तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास तुटत नाही, हेही कलम २० मध्येच आहे. बीएलओ दारात आला तेव्हा कुलूप होते म्हणून नाव गेले, असे होता कामा नये. माझ्या मते जिवंत माणसाचे एक नाव चुकून वगळले जाणे हे वारलेल्या माणसांची दहा नावे राहून जाण्यापेक्षा वाईट आहे, आणि यादीचे काम घाईने, निवडणुकीच्या तोंडावर, रंगीत पेनांनी होऊ नये असे मी म्हणतो ते याच कारणाने.

२०१५ पर्यंत आपल्याकडे एका प्रभागाला एक नगरसेवक होता. प्रभाग लहान, पावणेसात हजार लोकसंख्येचा. तालमीतली आणि मंडळातली पोरे त्या यादीतले जवळपास प्रत्येक नाव तोंडपाठ सांगत, हा कोण, कुठे गेला, कधी वारला, कोणाची मुलगी कुठे दिली. त्यात दबाव होता, दमदाटी होती, जेवणावळी होत्या, हे सगळे मान्य करूनही त्या यादीवर गल्लीची एक नजर होती असे म्हणावे लागेल. चार जागांच्या प्रभागात यादी चौपट जाड झाली आणि ती नजर विरली. मतदारालाही अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या आणि निळ्या मतपत्रिकांवर चार वेळा बटण दाबायचे होते. कोणी पसंत नसेल त्या जागेसाठी नोटा. मतदान केंद्रावर माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वृद्ध बाई पहिले बटण दाबून वळल्या, त्यांना परत बोलावून अजून तीन राहिलीत असे सांगावे लागले, तेव्हा ‘एवढी कशाला रे बाबा’ असे त्या मोठ्याने म्हणाल्या आणि सगळी रांग हसली. बाईंचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. २०२० च्या अखेरीस एकसदस्यीय प्रभागांवर आरक्षण सोडत झाली, २०२२ मध्ये तीन सदस्यांच्या प्रभागांची रचना झाली, दोन्ही कागदावर राहिल्या, आणि २०२५ मध्ये चारांचा प्रभाग आला. दर वेळी हद्दी बदलल्या, दर वेळी यादी नव्याने फोडली गेली, आणि आधीच्या वेळी हरकती घेऊन सुधारलेल्या गल्ल्या पुन्हा चुकल्या.

मधल्या काळाबद्दलही थोडे लिहितो. मागची निवडणूक १ नोव्हेंबर २०१५ रोजी झाली होती, सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार राहिला. राज्यघटनेचे कलम २४३-यू मुदत संपण्यापूर्वी निवडणूक व्हावी असे सांगते. आधी कोरोना, मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा न्यायालयीन प्रश्न, मग प्रभाग रचनेचे बदलते कायदे, अशी कारणे लांबत गेली आणि अखेर सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी आदेश दिल्यावर चक्र फिरले. २०१५ च्या वेळी मतदार होण्यासाठी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख होती, म्हणजे त्या दिवशी अठरा वर्षे पूर्ण असावी लागत, त्यामुळे २ जानेवारी १९९७ रोजी जन्मलेल्या कोल्हापूरकराला तेव्हा मत मिळाले नाही, आणि आपल्या प्रभागासाठी पहिले मत देताना तो एकोणतीस वर्षांचा झालेला होता. आता वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा आहेत आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तरीही जुलैनंतर अठरा पूर्ण केलेली, हातात नवे ओळखपत्र असलेली मुले यंदा केंद्रावरून परत गेली, कारण महापालिकेची यादी १ जुलैची होती. त्यांची समजूत घालताना केंद्रावरच्या कर्मचाऱ्यांची पुरेवाट झाली.

तेव्हा आता काय करावे? नव्या सभागृहात ८१ नगरसेवक आहेत. प्रत्येकाने आपापल्या प्रभागाच्या यादीसाठी दोन-दोन तास दिले तरी पुष्कळ काम होईल, पण मी केवळ त्यांच्या सद्भावनेवर विसंबत नाही. यंदा यादी फोडताना कोणता यादी भाग, कोणत्या अनुक्रमांकापासून कोणत्या अनुक्रमांकापर्यंत, कोणत्या प्रभागात गेला याचा नियंत्रण तक्ता तयार झालेला आहे. तो दप्तरात बांधून ठेवू नये. गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट या चारही विभागीय कार्यालयांत तो कायमचा लावावा, आणि हद्दीवर तुटलेल्या यादी भागांची फेररचना करण्याची विनंती महापालिकेने जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांना आत्ताच लेखी करावी. यादी भागांचे सुसूत्रीकरण हे मतदार नोंदणी यंत्रणेच्या नेहमीच्या कामांपैकीच आहे. एका केंद्रावर किती मतदार असावेत हे पाहताना एक यादी भाग एकाच प्रभागात राहील एवढे भान ठेवले, तर पुढच्या वेळी फोडण्यासारखे फारसे उरणारच नाही. जिल्हाधिकारी आणि महापालिका आयुक्त यांची कार्यालये एकमेकांपासून फार दूर नाहीत.

दुसरी सूचना घरफाळ्याची. शहरातल्या प्रत्येक मिळकतीची नोंद महापालिकेच्या घरफाळा विभागाकडे आहे, आणि पत्त्याच्या बाबतीत ती मतदार यादीपेक्षा खूपच नेमकी आहे, कारण तिथे वसुलीचा संबंध येतो. या नोंदीत प्रत्येक मिळकतीपुढे तिचा प्रभाग क्रमांक आणि विधानसभेचा यादी भाग क्रमांक एकदा भरून घ्यावा, आणि घरफाळ्याच्या बिलावर ते दोन आकडे छापावेत, खाली मतदार मदत क्रमांक १९५० आणि ‘पत्ता बदलला असल्यास नमुना ८, घरातील व्यक्ती मयत असल्यास नमुना ७’ अशी एक ओळ. बिलावर कोणाही मतदाराचे नाव छापायचे नाही, त्यामुळे खासगी माहितीचा प्रश्न येत नाही. भाडेकरूंपर्यंत बिल पोहोचत नाही ही अडचण खरी आहे. त्यासाठी तीच ओळ पाणीपट्टीच्या बिलावरही घेता येईल. नव्या आर्थिक वर्षाची बिले छापायला जाण्यापूर्वी हा विषय सभागृहापुढे आणि आयुक्तांपुढे यावा, म्हणून निवडणुकीची धूळ बसण्याची वाट न पाहता हे पत्र आपल्याकडे पाठवत आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक,
राजारामपुरी, कोल्हापूर